मामा आमदार, भाची सरकारी वकील : यात गैर काय आणि रीतसर काय?

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात खुनाचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला, की फिर्यादीच्या घरचे लोक कलमं विचारण्याआधी एक चौकशी करतात. सरकारी वकील कोण आहेत आणि ते कुणाच्या जवळचे? व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आरोपीकडचे लोकही हेच विचारत असतात. हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं मला कधीच वाटलं नाही. कराड, पाटण, तासगाव, वाळवा या तालुक्यांत गावकी, भावकी, साखर कारखाना, बँक आणि पंचायत समिती यांची नाती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत, की वकील कुणाचा तरी पाहुणा निघायचाच. प्रश्न रास्त आहे, फक्त त्याचं उत्तर नातं शोधून मिळत नाही. सरकारी वकिलाची नेमणूक कोण करतं, मुदत कोण वाढवतं आणि घरी कोण बसवतं, हे कळलं की उत्तर मिळू लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, कराड तालुक्यातली एक मुलगी आहे. साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजातून ती कायद्याची पदवी घेते, सनद काढते आणि कराडात एका सीनिअरकडे ज्युनिअर म्हणून राहते. तिचे सख्खे मामा आमदार आहेत. ही मुलगी पूर्णपणे कल्पनेतली आहे, कुणावरही बेतलेली नाही. तिच्यामागून चालत सरकारी वकिलाची वाटचाल बघू.

वकिली आणि राजकारण एका घरात नांदणं सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांना नवं नाही. यशवंतराव चव्हाण १९४१ मध्ये एलएल.बी. झाले आणि त्यांनी कराडात वकिली सुरू केली होती. तासगावचे आर. आर. पाटील कायद्याचे पदवीधर होते आणि पुढे राज्याचे गृहमंत्री झाले. तालुक्याच्या कोर्टात उभा राहणारा माणूस लोकांच्या बांधाची, वाटणीची, कर्जाची भांडणं रोज जवळून बघतो. त्यातले काही राजकारणात जातात आणि राजकारण्यांच्या घरातली मुलं वकील होतात. त्यामुळे आमच्या या मुलीला केवळ मामांमुळे दोषी धरायला मी तयार नाही.

वाटा वेगवेगळ्या असतात

सरकारी वकील म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सगळे एकाच दारातून आलेले नसतात. तालुक्याच्या ठिकाणी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सरकारची बाजू मांडतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात, त्यांना पगार असतो, त्यांची बदली होते. एके काळी हे काम पोलीस खात्याच्याच हाताखालचे पोलीस अभियोक्ते करत. तपास करणारं खातं आणि खटला चालवणारा वकील एकाच साहेबाला उत्तर देत असतील तर तो वकील तपासातल्या चुका दाखवणार कशा? म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात अभियोक्त्यांना पोलिसांपासून वेगळं काढायला सांगितलं. हा निकाल आपल्याच राज्यातला, आणि त्यातलं तत्त्व पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

सत्र न्यायालयाची वाट निराळी आहे. तिथे जिल्हा सरकारी वकील आणि त्यांच्या हाताखाली अतिरिक्त व सहायक सरकारी वकील असतात. हे परीक्षेतून येत नाहीत. चालत्या वकिलीतून, ठराविक मुदतीसाठी, मानधन आणि फीवर त्यांची नेमणूक होते. त्यांना खासगी कामंही घेता येतात, सरकारविरुद्ध मात्र उभं राहता येत नाही. खून, बलात्कार, दरोडा, खुनाचा प्रयत्न, म्हणजे ज्या खटल्यांत जन्मठेपेपर्यंत, खुनात तर फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते ते बहुतेक यांच्याच हातात असतात. एखाद्या गाजलेल्या खटल्यापुरते नेमले जातात ते विशेष सरकारी वकील. सगळ्यात वर राज्याचे महाधिवक्ता, ज्यांचं पद राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ मधलं आहे आणि जे राज्यपालांची मर्जी असेतोवर पदावर राहतात.

मामांचा शब्द परीक्षेच्या वाटेवर फारसा उपयोगी पडत नाही. तो कामी येतो दुसऱ्या वाटेवर, म्हणून आपणही तिकडेच वळू.

यादी कोण करतं?

सत्र न्यायालयात सरकारी वकील व्हायला निदान सात वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकील व्हायला दहा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मध्ये रीत सांगितली होती ती अशी : जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून लायक वकिलांची यादी करतील आणि सरकार त्या यादीबाहेरचा माणूस नेमणार नाही. यातला मधला टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने आमच्या मुलीला उलटतपासणी घेताना कधी पाहिलेलं नसतं. जिल्हाधिकाऱ्यांनीही नसतं. सत्र न्यायाधीशांनी मात्र पाहिलेलं असतं. ती तयारी करून येते का, तारखा मागते का, साक्षीदाराला नीट वागवते का, हे रोज डोळ्यांसमोर बघणारा त्या साखळीतला तो एकटाच माणूस.

महाराष्ट्राने १९८१ मध्ये या कलमात राज्यापुरती दुरुस्ती केली. जिल्ह्याच्या यादीसाठी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय ही अट काढली गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारची मान्यता आली. उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांसाठी उच्च न्यायालयाचा सल्ला घेण्याची अटही गेली. काम बघणाऱ्याचं मत मागे पडलं आणि नेमणाऱ्याची मान्यता दोनदा आली, एकदा यादीला आणि एकदा नेमणुकीला. नियम म्हणून ही दुरुस्ती चार-दोन शब्दांची आहे, पण शिफारसपत्राला वजन येतं ते अशाच ठिकाणी. १९७३ च्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये, केंद्राच्या मूळ मजकुरात, सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय लिहिलेला आहे. तो राज्यांनी कागदापुरता न ठेवता खराच करावा, असं मला मनापासून वाटतं.

आता आमच्या मुलीची वकिली सात वर्षांची झाली. जिल्ह्यात जागा निघाली, तिने अर्ज केला. मामा विधी व न्याय विभागात एक शब्द टाकतात, किंवा टाकतही नाहीत. साताऱ्यात आडनाव आणि मामांचं नाव पुरेसं असतं, शब्द टाकायची गरजच पडत नाही. यात बेकायदा काय झालं? काहीच नाही. आमदाराच्या भाचीने सरकारी वकील होऊ नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, आणि लिहावं असंही मला वाटत नाही. ती हुशार असेल तर नात्यामुळे तिची वाट अडवणं हा तिच्यावर अन्याय होईल. पण तिच्याहून सरस असलेला, दुष्काळी माण किंवा जत तालुक्यातून आलेला, ज्याच्या मागे कुणी नाही असा वकील यादीत मागे पडला असेल, तर त्याला ते कधी कळणारसुद्धा नाही. कारण निवड कोणत्या निकषावर झाली हे जाहीर होत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न एकदा फार मोठ्या पातळीवर आला होता. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपल्या सख्ख्या भावाला, पस्तीस वर्षांच्या रॉबर्ट केनेडी यांना देशाचे ॲटर्नी जनरल केलं. रॉबर्ट यांनी सिनेटच्या समित्यांसाठी वकील म्हणून काम केलं होतं, कोर्टात खटले चालवण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता. त्यांचं पुढचं काम पुष्कळांनी वाखाणलं. तरीही १९६७ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा करून अधिकारपदावरच्या माणसाला आपल्या नातेवाइकाला आपल्या अखत्यारीतल्या पदावर नेमायला बंदी घातली. माणूस चांगला निघाला म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे सरकारी वकिलांच्या नेमणुकीला लागू होईल असा कायदा नाही.

तिचं काम नेमकं काय?

बहुतेकांची समजूत असते की सरकारी वकील म्हणजे फिर्यादीचा फुकटातला वकील. पोलिसांना वाटतं तो आपला. दोन्ही चूक. सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलानेच चालवायचा असतो. फिर्यादीला आपला वकील देता येतो, पण त्याने सरकारी वकिलाला मदत करायची, खटला हातात घ्यायचा नाही. १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचं कारण सांगितलं : सरकारी वकिलाने काहीही करून शिक्षा पदरात पाडायची नसते, न्यायालयासमोर सत्य मांडायचं असतं, मग ते आरोपीच्या फायद्याचं का असेना. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतही हे आहे. फिर्याद पक्षाच्या वकिलाने निरपराध माणसाला शिक्षा होईल असं वागू नये आणि आरोपी निर्दोष असल्याचं दाखवू शकणारा पुरावा दडवू नये.

दिवाणी बाजूही तिच्याकडे येते, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष फार कमी जातं. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, त्यांचे कालवे आणि पुणे-बंगळूर महामार्ग, या सगळ्यांसाठी जमिनी गेल्या. वाढीव मोबदल्यासाठी शेतकरी कोर्टात जातो तेव्हा समोर सरकारी वकील असतो. २०१४ च्या आधीच्या संपादनांना लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज चढतं. सरकारी वकिलाची तयारी नसली, तो तारखांवर तारखा घेत राहिला, तर एकीकडे धरणग्रस्त म्हातारा होत जातो आणि दुसरीकडे सरकारी तिजोरीवर १५ टक्क्यांनी बोजा वाढत जातो. वशिल्याने आलेल्या नालायक माणसाची किंमत अशी दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. खुनाच्या खटल्याची बातमी येते, याची येत नाही.

नातं आडवं येतं ते कुठे?

आमच्या मुलीला नेमणूक मिळाली. तिच्या मामांच्याच मतदारसंघातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या निकालाच्या रात्री मिरवणुकीत दोन गट भिडले, एकाच्या डोक्यात कोयता बसला. खुनाचा प्रयत्न : भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ३०७. आरोपी मामांच्या गटाचा कार्यकर्ता. त्याचा जामीन अर्ज सत्र न्यायालयात आला आणि फाइल आमच्या मुलीच्या टेबलावर.

आता तिच्या हातात काय काय आहे ते बघा. जामीन अर्जावर सरकारचं म्हणणं, कोर्टाच्या भाषेत ‘से’, ती देणार. तो से कडक लिहायचा की ‘योग्य तो आदेश व्हावा’ एवढंच लिहून सोडून द्यायचा, हे तिच्यावर. तपासातली उणीव तपास अधिकाऱ्याला वेळेवर सांगायची की नाही, जखमीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कितव्या क्रमाने तपासायचं, घाबरलेल्या साक्षीदाराला साक्षीआधी धीर द्यायचा की नाही, हेही तिच्यावरच. साक्षीदार फिरला तर कोर्टाची परवानगी घेऊन त्याची उलटतपासणी करायची, की मान डोलावून खाली बसायचं? जामिनावर सुटलेला आरोपी साक्षीदारांना धमकावत असेल तर जामीन रद्द करायचा अर्ज टाकायचा का? निर्दोष सुटका झाली तर अपिलासारखं प्रकरण आहे असा अभिप्राय पाठवायचा का?

यातला प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर त्याचं समर्थन करता येतं. सौम्य से लिहिला? तपास कच्चा होता. साक्षीदार सोडून दिला? त्याने मूळ जबाबातच गोंधळ घातला होता. अपिलाची शिफारस केली नाही? पुरावाच तोकडा होता. वकिलाला एवढं स्वातंत्र्य द्यावंच लागतं, त्याशिवाय खटला चालणार नाही. म्हणून पक्षपात झाला असला तरी तो मागाहून सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. सगळी काळजी आधीच घ्यावी लागते ती यासाठी.

आणखी एक बाजू आहे, ती सहसा बोलली जात नाही. आमची मुलगी प्रामाणिक आहे असं धरू. लोक बोलतील या धास्तीने ती मामांच्या कार्यकर्त्याच्या बाबतीत गरजेपेक्षा कठोर होऊ शकते. पुरावा नसतानाही जामिनाला जोरदार विरोध, सोडून द्यायला हवं ते कलमही धरून ठेवणं. मग आपली निःपक्षता सिद्ध करण्यासाठी ती एका माणसाला तुरुंगात जास्त दिवस ठेवते. तोही अन्यायच. नात्याची सावली दोन्हीकडे पडते, आणि म्हणूनच अशी फाइल तिने हातात घेऊच नये हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. जिल्हा सरकारी वकिलांना लेखी कळवावं, फाइल दुसऱ्या सहकाऱ्याकडे जावी, रोजनाम्यावर दुसरं नाव यावं. याला फार तर अर्धा दिवस लागतो.

नियम तिला हे करायला लावतो का? बार कौन्सिलच्या नियमांनुसार न्यायाधीश तुमचा वडील, भाऊ, काका, मामा, सासरा, मेहुणा अशा नात्यातला असेल तर तुम्ही त्याच्यासमोर उभं राहू शकत नाही. नात्यांची ती यादी चांगली लांबलचक आहे. पण खटल्यात ज्याचा राजकीय हितसंबंध आहे तो पुढारी तुमचा सख्खा मामा असेल, तर त्या नियमात काहीच नाही. माहुली हे साताऱ्याला लागूनच. तिथल्या रामशास्त्री प्रभुण्यांनी १७७३ च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनात राघोबादादांना दोषी धरलं, म्हणून आजही न्यायाधीशाकडे आपण तसा बाणा मागतो. न्यायाधीशासमोर पुरावा कसा आणि किती येणार हे ज्याच्या हातात असतं, त्या सरकारी वकिलाकडे मात्र आपण तो मागतच नाही, आणि नियमही मागत नाही.

फिर्यादी पक्षाला विश्वास वाटत नसेल तर विशेष सरकारी वकील मागता येतो. मागितला की मिळतोच असं नाही. १९८८ च्या मुकुल दलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच विधी अधिकारी नियमांचा विचार करून सांगितलं, की कुणी अर्ज केला म्हणून सरसकट विशेष वकील नेमू नये, सार्वजनिक हिताची गरज तपासून मगच नेमावा. हे बरोबरच आहे, नाहीतर पैसेवाला फिर्यादी आपल्या मर्जीचा सरकारी वकील आणत बसेल. पण सरकारी वकील आरोपीच्या गटनेत्याची भाची असणं, हे कारण अर्जात स्पष्ट लिहिण्यासारखं नक्कीच आहे.

खटला मागे घेणे

सगळ्यात मोठी परीक्षा इथे असते. सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघाले आहेत. ऊसदराच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यावर वर्षानुवर्षं तारखांचा फेरा राहू नये, हे मलाही पटतं. पण त्याच दारातून दगडफेक करणारे पुढारीही बाहेर पडू शकतात.

कायदा म्हणतो की सरकार शिफारस करेल, पण अर्ज सरकारी वकिलाने स्वतः विचार करून करायचा. मंत्रालयातून आलेला कागद पुढे सरकवणं हे त्याचं काम नव्हे. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला मागे घेण्याला १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मान्यता दिली होती. २०२१ मध्ये केरळच्या प्रकरणात मात्र नकार दिला. २०१५ मध्ये तिथल्या विधानसभेत अर्थसंकल्पाच्या वेळी मोडतोड झाली होती, आमदारांवरचा तो खटला सरकारला मागे घ्यायचा होता. न्यायालयाने सांगितलं की मोडतोडीला विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं संरक्षण नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक आदेश आला : आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. आणि नव्या संहितेच्या कलम ३६० मध्ये एक चांगली भर पडली आहे, पीडिताचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय न्यायालयाने खटला मागे घ्यायला संमती द्यायची नाही.

मामांवरच एखादा आंदोलनाचा खटला असेल आणि तो मागे घेण्याच्या अर्जावर भाचीची सही असेल, तर तो अर्ज कितीही योग्य असो, त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

सरकार बदललं की

ज्याच्या शब्दावर नेमणूक झाली, त्याचं सरकार गेलं की मुदतवाढ अडते. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका झटक्यात काढले. श्रीलेखा विद्यार्थी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मनमानी ठरवून रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं : हे पद लोकांच्या कामाचं आहे, सरकारने आपल्या खासगी वकिलासारखं त्याच्याकडे बघू नये. २००४ मध्ये जोहरी मल निकालात दुसरी बाजूही आली, मुदतवाढ हा वकिलाचा हक्क नाही. आणि २०१६ मध्ये पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात नेमणुकीची पद्धतच न्यायालयाने तपासली. कामाची गरज न मोजता वकील भरल्याचं महालेखापरीक्षकांच्या अहवालात होतं. तेव्हा सरन्यायाधीश ठाकूर यांच्या खंडपीठाने सांगितलं की ही नेमणूक पारदर्शक हवी, निवड समितीतून व्हायला हवी आणि उच्च न्यायालयाचं मत घेतलं पाहिजे.

इतकं सांगूनही जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा बोलावं लागलं. हरियाणातल्या एका खुनाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने पुनरीक्षणात, म्हणजे अपिलाहून वेगळ्या फेरतपासणीत, निर्दोष सुटका फिरवून शिक्षा दिली होती, जी कायद्याने त्या टप्प्यावर देताच येत नाही. सरकारी वकिलाने ते न्यायालयाच्या लक्षात आणून द्यायला हवं होतं, दिलं नाही. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी राज्यांना बजावलं की केवळ राजकीय विचाराने सरकारी वकील नेमू नका, वशिलेबाजीत गुणवत्ता मारली जाते. तिथे तीन माणसं तुरुंगात गेली होती.

पदावरचा दबाव नात्यातूनच येतो असंही नाही. २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की नरमाईने घ्या असा निरोप तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याकडून आपल्याला आला. यंत्रणेने आरोप फेटाळला. शहाणे निकालाचं तत्त्व मी पुढे लागेल म्हणालो होतो ते इथे. अभियोक्ता पोलिसांपासून वेगळा काढला, पण नेमणूक आणि मुदतवाढ राजकीय सत्तेच्या हातात राहिली तर काम अर्धवटच राहतं.

पुढची वाट

सत्र न्यायालयातली ही वर्षं वकिलाला घडवतात. रोज साक्षीपुरावा, रोज युक्तिवाद. जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी सात वर्षांची वकिली लागते, आणि पूर्णवेळ सरकारी वकीलही त्यासाठी वकीलच धरले जातात असं २०१३ मध्ये दीपक अगरवाल निकालात ठरलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, साताऱ्या-सांगलीची अपिलं आता तिकडे जातात. तिथेही सरकारची बाजू मांडायला वकील लागतात. या दोन जिल्ह्यांतल्या तरुण वकिलांना मुंबई न गाठता उच्च न्यायालयात उभं राहण्याची ही मोठी संधी आहे, आणि नेमणुकांची रीत सुधारण्याचीही, कारण तिथे सगळं नव्याने बसतं आहे.

तिला मामांच्या जागेवर उभं राहायचं असेल तर? सरकारी वकिलाचं पद हे ‘लाभाचं पद’, म्हणजे सरकारकडून लाभ मिळणारं पद, ठरून उमेदवारी बाद होऊ शकते का, हा वाद जुना आहे. राजस्थानच्या आमदार कांता कथुरिया एका लवादात विशेष सरकारी वकील होत्या, म्हणून त्यांची निवड आव्हानात सापडली. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच सुमारास रेल्वेच्या पॅनेलवरच्या एका वकिलाच्या बाबतीत मात्र निकाल उलटा गेला. त्यामुळे उमेदवारी अर्जाआधी राजीनामा देणं हाच शहाणपणा. उज्ज्वल निकम यांनी २०२४ मध्ये मुंबई उत्तर मध्यमधून भाजपतर्फे लोकसभा लढवली, हरल्यावर त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमलं गेलं तेव्हा विरोधी पक्षांनी आक्षेप घेतला. पुढे २०२५ मध्ये ते राष्ट्रपतीनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेवर गेले. त्यांच्या कौशल्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो निवडणूक लढवून आलेल्या माणसाने लगेच राज्याच्या वतीने खटला चालवावा का, याबद्दल. माझं मत असं, की मध्ये काही वर्षांचं अंतर नियमानेच असावं.

तुमचा खटला असेल तर

जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांची यादी, त्यांच्या नेमणुकीचे आदेश आणि मुदत माहितीच्या अधिकारात मागता येते. सरकारी वकिलाचं आरोपीशी किंवा त्याच्या पुढाऱ्याशी जवळचं नातं असेल तर खटल्याच्या सुरुवातीलाच जिल्हा सरकारी वकिलांना आणि विधी व न्याय विभागाला लेखी कळवा. फक्त नातं आणि तारखा लिहा, आरोप करू नका. साक्षी झाल्यावर केलेली तक्रार निकाल विरुद्ध जाईल या भीतीने केलेली वाटते. आपला वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देण्याची परवानगी न्यायालयाकडे मागा. २००९ च्या दुरुस्तीने पीडिताला तो हक्क दिला आहे. बाहेर भांडत बसण्यापेक्षा आत बसलेला तुमचा वकील रोजच्या रोज काय घडतं ते बघतो.

आणि आरोपी निर्दोष सुटला तर सरकारच्या अपिलाची वाट बघत बसू नका. सरकारी अपिलाला सरकारी वकिलाचा अभिप्राय लागतो, मंत्रालयाचा निर्णय लागतो, आणि त्यासाठी ९० दिवसांची मुदत असते. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला स्वतःला निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येतं, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. सत्र न्यायालयाच्या निकालावरचं ते अपील आता कोल्हापुरात दाखल होतं. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. प्रत तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, अर्ज टाकायला तुम्ही घालवलेले दिवस होत नाहीत.